काळ्या चिखलात रुतलेला खजिनदार

इंग्लंडमधील लेक डिस्ट्रिक्टचे डोंगर घराघरांत पोहोचवणारे आल्फ्रेड वेनराइट पेशाने हिशेबनीस होते. १७ जानेवारी १९०७ रोजी लँकेशायरमधील ब्लॅकबर्न या कापड गिरण्यांच्या गावी त्यांचा जन्म झाला. वडील पाथरवट. हाती आलेला पैसा बहुधा दारूत जाई. तेराव्या वर्षी शाळा सोडून वेनराइट नगरपालिकेच्या कचेरीत पोऱ्या म्हणून लागले आणि नोकरी सांभाळून शिकत लेखापाल झाले.

१९३० मध्ये, तेविसाव्या वर्षी, त्यांनी लेक डिस्ट्रिक्ट प्रथम पाहिले. पुढच्याच वर्षी गिरणीत काम करणाऱ्या रूथ होल्डन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तो सुखाचा ठरला नाही. घरातल्या अबोल्यापासून दूर जाण्याचा मार्ग त्यांच्यापुरता एकच होता, पायी चालणे. सप्टेंबर १९३८ मध्ये युरोपवर युद्धाचे सावट असताना ते पेनाइन डोंगररांगेतून एकटेच हेड्रियनच्या भिंतीपर्यंत चालत गेले. १९४१ मध्ये कमी पगार पत्करून त्यांनी डोंगरांजवळच्या केंडल गावी नोकरी धरली. १९४८ मध्ये ते तिथल्या नगरपालिकेचे खजिनदार झाले. ९ नोव्हेंबर १९५२ रोजी त्यांनी आपल्या मार्गदर्शिकेचे पहिले पान लिहिले. मोटार कधीच चालवली नाही. सुट्टीच्या दिवशी बसने जायचे, चढायचे आणि रात्री लिहायचे. तेरा वर्षांत सात खंड आणि २१४ शिखरे पूर्ण झाली. मजकूर आणि रेखाटने सारे स्वहस्ते केलेले, आणि छापलेही तसेच. हिशेबाच्या वहीतली शिस्त त्या पानांत दिसते, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

१९६५ मध्ये पेनाइन वे ही सुमारे ४३१ किलोमीटरची पायवाट अधिकृतपणे खुली झाली. तिच्या मार्गदर्शिकेसाठी वेनराइट पाहणीला निघाले तेव्हा साठीला टेकले होते. क्राउडनहून स्टँडएजपर्यंतच्या एका दिवसाच्या टप्प्यात ५८२ मीटर उंचीचे ब्लॅक हिल लागते. त्याला शिखर म्हणणेही धाडसाचेच, कारण माथा जवळजवळ सपाट आहे. हा चिखल आपल्याकडच्या पावसाळी वाटांवरचा नव्हे. अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे थर हजारो वर्षे साचून तयार झालेली ही पाणथळ, काळी माती. तिच्यावर शेवाळाचे आच्छादन असते. पण लँकेशायर आणि यॉर्कशायरच्या औद्योगिक शहरांच्या धुराने ते शेवाळ दीडशे-दोनशे वर्षांत मारून टाकले होते. उघड्या पडलेल्या मातीत पावसाने घळी कोरल्या आणि हजारो बुटांनी उरलेसुरले कालवून ठेवले.

या पठारावर वेनराइट असे रुतले की स्वतःचे स्वतःला निघता येईना. सुदैवाने राष्ट्रीय उद्यानाचा एक वॉर्डन जवळपास होता. त्याच्या मदतीने ते बाहेर आले. पुस्तक १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले, पण या वाटेवर त्यांचा जीव कधी जडला नाही. तरीही ती पूर्ण करणाऱ्यांसाठी शेवटच्या कर्क येथोम गावातील बॉर्डर हॉटेलात त्यांनी आपल्या खर्चाने बिअरची व्यवस्था केली. एरवी खर्चाला हात आखडता असलेल्या खजिनदाराचा हा औदार्याचा प्रकार नवलाचाच.

त्याच वर्षी त्यांचा घटस्फोट झाला. १९७० मध्ये त्यांनी बेटी मॅकनॅली यांच्याशी विवाह केला, आणि उतारवयात तरी घर सुखाचे झाले. पुस्तकांच्या मानधनाचा मोठा भाग त्यांनी प्राण्यांच्या निवाऱ्यासाठी दिला. २० जानेवारी १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. अस्थी त्यांच्या आवडत्या हेस्टॅक्स डोंगरावर विसर्जित करण्यात आल्या.

ब्लॅक हिलवर आता कोणी तसे रुतत नाही. त्यांच्या पश्चात या वाटेच्या दलदलीच्या भागांवर दगडी फरशा अंथरण्यात आल्या, आणि माथ्यावर पुन्हा हिरवळ धरू लागली आहे. त्या फरशांपैकी बऱ्याचशा पाडलेल्या कापड गिरण्यांच्या आहेत.