वॉल्टर टल : खेळाडू आणि सैनिक

फुटबॉलमध्ये गोल करणाऱ्याचे नाव सर्वतोमुखी होते. प्रतिपक्षाची चाल मध्येच रोखून धरणाऱ्या हाफबॅकची आठवण मात्र सहसा कोणी ठेवीत नाही. वॉल्टर टल हा असाच एक हाफबॅक. त्याला अवघे एकोणतीस वर्षांचे आयुष्य लाभले. परंतु तेवढ्या अवधीत त्याने वर्णभेदाच्या दोन भिंतींशी झुंज दिली.

वॉल्टरचा जन्म २८ एप्रिल १८८८ रोजी इंग्लंडच्या किनाऱ्यावरील फोकस्टन या गावी झाला. वडील डॅनियल हे बार्बाडोस बेटावरून आलेले कृष्णवर्णीय सुतार, तर आई अ‍ॅलिस केंट परगण्यातली गोरी स्त्री. १८९५ मध्ये आई वारली आणि १८९७ मध्ये वडीलही गेले. सावत्र आईला सर्व मुलांचा सांभाळ करणे जमेना. तेव्हा वॉल्टर आणि त्याचा थोरला भाऊ एडवर्ड यांची रवानगी लंडनमधील बेथनल ग्रीनच्या अनाथाश्रमात झाली. पुढे एडवर्डला ग्लासगोच्या एका कुटुंबाने दत्तक घेतले. तो शिकून दंतवैद्य झाला. वॉल्टर मात्र आश्रमातच राहिला, छपाईचे काम शिकला आणि फुटबॉल खेळू लागला.

१९०८ मध्ये तो क्लॅप्टन या हौशी संघात दाखल झाला. त्याचा खेळ पाहून १९०९ मध्ये टॉटनहॅम हॉटस्पर या नामांकित क्लबने त्याला घेतले. इंग्लंडच्या अव्वल विभागात खेळणारे कृष्णवर्णीय त्या काळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नव्हते. सुरुवात आश्वासक झाली. पण ऑक्टोबर १९०९ मध्ये ब्रिस्टल येथील सामन्यात प्रेक्षकांच्या एका टोळक्याने त्याच्या वर्णावरून अत्यंत गलिच्छ शिवीगाळ केली. त्याने तोल जाऊ दिला नाही. तथापि थोड्याच दिवसांत क्लबने त्याला पहिल्या संघातून वगळले, आणि पहिल्या संघाकडून लीगचे जेमतेम दहा सामने त्याच्या वाट्याला आले.

१९११ मध्ये तो नॉर्दॅम्प्टन टाऊनकडे गेला. हा क्लब फुटबॉल लीगच्या बाहेर, सदर्न लीगमध्ये खेळे. एखादा खचून गेला असता. परंतु तेथे हर्बर्ट चॅपमन हे जाणते व्यवस्थापक होते; पुढे हडर्सफील्ड आणि आर्सेनल या संघांना त्यांनी वैभव मिळवून दिले. नॉर्दॅम्प्टनला वॉल्टर मुख्यतः हाफबॅकच्या जागी स्थिरावला. शंभराहून अधिक सामने खेळून तो तेथील प्रेक्षकांचा लाडका झाला. मोठ्या क्लबने नाकारलेल्या खेळाडूला लहान गावाने आपलेसे केले.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले. डिसेंबरात वॉल्टर मिडलसेक्स रेजिमेंटच्या, फुटबॉलपटूंसाठी उभारलेल्या सतराव्या पलटणीत भरती झाला. तेथे तो सार्जंट झाला आणि १९१६ च्या सोमच्या रणधुमाळीतही होता. ब्रिटिश लष्कराच्या नियमावलीनुसार शुद्ध युरोपीय वंशाच्या नसलेल्यास अधिकारपद देता येत नसे. तरीही वरिष्ठांनी त्याची शिफारस केली, आणि प्रशिक्षण पुरे करून ३० मे १९१७ रोजी तो सेकंड लेफ्टनंट झाला. गोऱ्या शिपायांना हुकूम देणारा हा कृष्णवर्णीय अधिकारी त्या सैन्यात विरळाच होता. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये हिंदी सैनिकांसाठीही राजसनदेच्या अधिकारपदाचा दरवाजा किंचित उघडला, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

इटलीच्या आघाडीवर त्याने सव्वीस सैनिकांसह रात्री पियावे नदी ओलांडून शत्रूच्या हद्दीत धाड घातली आणि सर्वांना सुखरूप परत आणले. त्याच्या धैर्याची व शांत वृत्तीची नोंद मेजर जनरल लॉफर्ड यांनी केली. २५ मार्च १९१८ रोजी फ्रान्समध्ये, फाव्रॉय गावाजवळ जर्मन चढाई थोपवताना तो गोळी लागून पडला. त्याच्या माणसांनी जिवावर उदार होऊन त्याला मागे आणण्याचा प्रयत्न केला. पण देह हाती लागला नाही. अरास येथील स्मारकावर त्याचे नाव कोरलेले आहे.

१९९९ मध्ये नॉर्दॅम्प्टनच्या मैदानाजवळ त्याचे स्मारक उभे राहिले. ब्रिस्टलला त्याचा रंग पाहून ओरडणारे होते, आणि त्याचा देह आणण्यासाठी गोळ्यांच्या वर्षावात धावणारेही त्याच देशाचे गोरे शिपाई होते. या दोहोंमधले अंतर वॉल्टरने स्वतःच्या वागणुकीने तोडले. क्रीडांगणावर आणि त्याबाहेरही आपल्या विद्यार्थ्यांनी घ्यावा असा धडा तो हाच.