जोसेफिन बटलर : एका कायद्याशी सतरा वर्षे

गाण्याच्या मास्तराने एका विलायती बाईचे चरित्र का लिहावे, असे वाचक विचारतील. घराणी, जुने गवई, त्यांच्या लकबी आणि भांडणे, हा माझा नेहमीचा प्रांत. पण आमच्या धंद्यातल्या बायकांवर पोलिसी कायद्याची सावली फार जुनी आहे. त्या सावलीशी सरळ उभी राहून भांडलेली व्यक्ती शोधू गेलो, तेव्हा मला जी सापडली ती ना गाणारी होती, ना हिंदी. ती होती एका इंग्रज पाद्री मास्तराची बायको.

जोसेफिन ग्रे यांचा जन्म १८२८ साली इंग्लंडच्या उत्तर टोकाला, नॉर्थंबरलंड परगण्यात मिलफील्ड येथे झाला. वडील जॉन ग्रे हे शेतीसुधारणेत नाव मिळवलेले गृहस्थ. गुलामगिरीच्या विरुद्ध हिरिरीने बोलणारे. मुलींना शेजारी बसवून राजकारणाच्या गोष्टी सांगणारा बाप त्या काळी विरळाच. १८५२ मध्ये त्यांनी जॉर्ज बटलर या विद्वानाशी लग्न केले आणि बिऱ्हाड ऑक्सफर्डला थाटले.

ऑक्सफर्डच्या पंडितांत बसून बटलरबाईंनी पुष्कळ ऐकले आणि फार थोडे बोलल्या. पुरुषाचे पाऊल घसरले तर तो तारुण्याचा दोष, बाईचे घसरले तर ती कायमची बुडाली, हा तिथला सर्वमान्य हिशेब होता. त्याच सुमारास लंडनच्या न्यूगेट तुरुंगात एक मुलगी आपले तान्हे मूल मारल्याबद्दल शिक्षा भोगत होती. मुलाचा बाप ऑक्सफर्डचाच एक प्रतिष्ठित मनुष्य. त्याला जाब विचारावा, असे बाईंनी एका वडीलधाऱ्या विद्वानाला सुचवले, तर गप्प बसण्याचा सल्ला मिळाला. नवराबायको गप्प बसली नाहीत. मुलीची शिक्षा संपताच त्यांनी तिला आपल्या घरी कामाला आणून ठेवले. तो मनुष्य मात्र होता तसाच राहिला.

पुढे बटलर कुटुंब चेल्टनहॅमला आले. तिथे १८६४ साली त्यांची एकुलती एक मुलगी ईव्हा, पाचच वर्षांची, आईबाप बाहेरून आलेले पाहून धावत निघाली आणि वरच्या मजल्याच्या कठड्यावरून खाली पडून गेली. या दुःखाविषयी मी जास्त लिहीत नाही. दोन वर्षांनी जॉर्ज बटलर लिव्हरपूल कॉलेजचे मुख्याध्यापक झाले. घरात चित्त लागेना म्हणून बाई त्या बंदराच्या ब्राऊनलो हिल वर्कहाउसमध्ये जाऊ लागल्या. तळघरात शेकडो बायका जुने दोरखंड उकलून काथ्या काढीत बसलेल्या असत. बाई त्यांच्यातच जमिनीवर बसल्या आणि काथ्या काढू लागल्या. बायका आधी हसल्या. हळूहळू बोलू लागल्या. त्यांतल्या कित्येकींना बाईंनी स्वतःच्या घरी आणले. काही तिथेच क्षयाने वारल्या.

आता त्या कायद्याकडे येतो. १८६४ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने सांसर्गिक रोगांचा म्हणून एक कायदा केला. १८६६ आणि १८६९ मध्ये तो वाढवला. पलटणी आणि आरमार यांच्यात गुप्तरोग माजला होता, त्याला आळा घालावा हा हेतू. प्रथम अकरा ठाणी होती, शेवटी अठरा झाली. या ठाण्यांत साध्या वेशातले पोलीस फिरत. ज्या बाईविषयी त्यांना संशय येई, तिला एका कागदावर अंगठा करून वैद्यकीय तपासणीला कबूल व्हावे लागे. नाही म्हटले तर मॅजिस्ट्रेटपुढे उभे राहून, आपण तशी नाही हे तिनेच पटवून द्यायचे. रोग आढळला तर कोंडवाड्यासारख्या इस्पितळात रवानगी. आधी तीन महिने, शेवटच्या दुरुस्तीने नऊ महिन्यांपर्यंत.

शिपायांची तपासणी मात्र लष्कराने त्याआधीच बंद करून टाकली होती. तिने शिपायाचा स्वाभिमान दुखावतो असे अधिकाऱ्यांचे मत पडले. म्हणजे एकच रोग दोघांच्या अंगात, आणि कायदा एकाच्याच दाराशी.

माझ्या मते या कायद्यातली सगळ्यांत घातक गोष्ट याहूनही साधी आहे. वेश्या कुणाला म्हणावे, हे त्यात कुठेच सांगितलेले नव्हते. शब्द होता, व्याख्या नव्हती. व्याख्या शिपायाच्या डोळ्यांत होती. बग्गीतून जाणारी बाई त्या डोळ्यांना दिसत नसे. रात्री गिरणीतून परतणारी, शिपायाशी दोन शब्द बोलणारी, भाड्याच्या खोलीत एकटी राहणारी लगेच दिसे.

१८६९ च्या अखेरीस काही डॉक्टर मंडळींनी बटलरबाईंना या चळवळीचे पुढारीपण घेण्याची गळ घातली. त्या काळी सभ्य घरातल्या बाईने या विषयाचा उच्चार करणे म्हणजे स्वतःला चिखल फासून घेणे. नवऱ्याची नोकरी, मुलांचे भवितव्य, सगळे पणाला लागणार होते. त्यांनी जॉर्जना विचारले. त्यांनी होकार दिला आणि त्यापायी चर्चमधली बढती कित्येक वर्षे गमावली. या गृहस्थाला इतिहासात एक ओळ मिळते, ती थोडी आहे. १८७० च्या पहिल्याच दिवशी स्त्रियांच्या संघाचे निषेधपत्रक वर्तमानपत्रात आले, त्यावर फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि हॅरिएट मार्टिनो यांच्याही सह्या होत्या.

पुढची वर्षे सभांची. १८७० च्या कोलचेस्टर पोटनिवडणुकीत सरकारने सर हेन्री स्टोर्क्स यांना उभे केले. माल्टाचे गव्हर्नर असताना त्यांनी असाच बंदोबस्त कडकपणे चालवला होता. बाई त्यांच्याविरुद्ध बोलायला गेल्या. जमावाने हॉटेलच्या खिडक्या फोडल्या, मालकाने हात जोडून जायला सांगितले, आणि बाईंना रात्री मागच्या दाराने निसटावे लागले. स्टोर्क्स पडले. १८७२ मध्ये पाँटिफ्रॅक्टला, जिथे इंग्लंडात पहिल्यांदा गुप्त मतदान झाले, बायकांची सभा गवताच्या माळ्यावर भरली होती. खालून कुणीतरी पेंढ्या पेटवल्या. गुंड शिडीने वर आले. पोलीस डोकावून निघून गेला. रस्त्यात उभ्या असलेल्या एकट्या बाईवर ज्यांची नजर इतकी तीक्ष्ण, त्यांना धूर दिसला नाही! बायका खालच्या दारातून उड्या टाकून वाचल्या.

मधल्या काळात सरकारने चौकशीसाठी रॉयल कमिशन नेमले. बाईंची साक्षही झाली. १८७१ च्या अहवालात कमिशनने अभिप्राय दिला की बाई हे पैशासाठी करते, पुरुषाच्या बाबतीत ती नैसर्गिक ऊर्मीची चूक, तेव्हा दोघांची तुलनाच होऊ शकत नाही. ऑक्सफर्डच्या दिवाणखान्यातला हिशेब आता सरकारी शिक्क्यानिशी छापून आला.

पण मला बटलरबाईंच्या चरित्राकडे ओढले ते १८७५ सालच्या एका हकीकतीने. ऑल्डरशॉट हे मोठे लष्करी ठाणे. तिथे शिपायांच्या करमणुकीच्या थिएटरांत मिसेस पर्सी नावाची विधवा गाऊन आणि नाटकांत कामे करून पोट भरत असे. पदरी तरुण मुलगी. पोलिसांनी मायलेकींना तपासणीला यायचा हुकूम केला. तिने साफ नाकारले आणि वर्तमानपत्राला पत्र लिहिले. त्यानंतर तिला काम देऊ नये अशी तंबी थिएटरवाल्यांना मिळाली. ती गाव सोडून गेली, परत आली, तरी पिच्छा सुटेना. मार्च महिन्यात तिचे प्रेत कालव्यात सापडले. बटलरबाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रकरण देशभर नेले. गाणारी बाई, उशिरा घरी येणारी, पुरुषांपुढे उभी राहणारी : व्याख्या नसलेल्या शब्दात तिला बसवणे फार सोपे होते.

आम्हा संस्थानी गावच्या लोकांना हे समजायला ऑल्डरशॉटला जावे लागत नाही. माझे वडील दरबारी गवयांपैकी. त्यांच्याकडे येणाऱ्या एका वृद्ध बाईंना मी लहानपणी पाहिले आहे. ठुमरी अशी गात की वडील पान लावायचे विसरत. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत दरबारच्या बिदागीचा एक शिक्क्याचा कागद जपून ठेवलेला असे. फौजदार बदलून नवीन आला आणि आळीत झडती झाली की तो कागद बाहेर निघे आणि फौजदार निमूट परत जाई. शेजारच्या बाईकडे असा कागद नव्हता. गळा तिचाही तयार होता, पण तिला ठाण्यावर नेत. मी आज शिकवतो त्या मुलींच्या आया पहिल्या दिवशी दबक्या आवाजात विचारतात, की हिला कुठेही बसून गावे तर लागणार नाही ना. त्या भीतीचे मूळ गाण्यात नाही, हे मी त्यांना कसे समजावू?

कायद्याच्या भाषेतला दुजाभाव अजून गेलेला नाही, म्हणून एक बाब इथेच सांगून टाकतो. आपल्याकडचा १९५६ चा कायदा १९८६ च्या दुरुस्तीनंतर आजही चालतो. त्याच्या आठव्या कलमाप्रमाणे रस्त्यात गिऱ्हाईक बोलावल्याबद्दल बाईला पहिल्या खेपेस सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि तोच गुन्हा पुरुषाने केला तर सात दिवस ते तीन महिने. २०२२ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने या बायकांनाही कायद्याचे सारखे संरक्षण आहे असे पोलिसांना बजावले. कलम मात्र तसेच आहे.

१८८३ मध्ये जेम्स स्टॅन्सफील्ड यांच्या ठरावाने सक्तीची तपासणी थांबली आणि १८८६ साली कायदे रद्द झाले. स्टॅन्सफील्ड हे मंत्रिपदाला पोहोचलेले गृहस्थ. या कामासाठी त्यांनी आपले राजकारण खर्ची घातले.

चरित्रकार बहुधा इथे थांबतात. मला यापुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. १८८५ मध्ये मुलींच्या संमतीचे वय तेरावरून सोळा करणारा कायदा झाला. बाईंचा त्याला पाठिंबा होता. पण त्याच कायद्यात कुंटणखान्यांवर धाडी घालण्याची सोयही होती. मग नीतिरक्षणाचे संघ निघाले, धाडी पडू लागल्या, आणि ज्यांना वाचवायचे त्याच बायका बिऱ्हाडासकट रस्त्यावर आल्या. संघांतली पुष्कळ मंडळी बाईंची जुनी सोबती. तरी बाईंनी त्यांना विरोध केला. रोगाच्या नावाने पोलीस दारात आला काय, नीतीच्या नावाने आला काय, दार त्याच बाईचे. स्वतः बाई अत्यंत धर्मनिष्ठ. हा धंदा पाप आहे याविषयी त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पाप मानूनही शिक्षेचा दुजाभाव न खपवणे हे सोपे नाही. असे दुसरे उदाहरण मला पटकन आठवत नाही.

हिंदुस्थानाकडे त्यांचे लक्ष उशिरा वळले. इकडे १८६८ साली इंग्लंडच्या धर्तीवरच कायदा झाला होता. मुंबईत तो १८७० मध्ये आला, दोन वर्षांत गुंडाळला, १८८० मध्ये पुन्हा पसरला. १८८८ मध्ये तो रद्द झाला. पण छावण्यांची गोष्ट निराळी. लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना १८८६ साली पलटणींना एक परिपत्रक गेले होते, की बाजारात बायका पुरेशा असाव्यात आणि दिसायला बऱ्या असाव्यात. ते १८८८ मध्ये उजेडात येताच इंग्लंडात गहजब झाला. पार्लमेंटने हे बंद करा म्हणून ठराव केला. ठराव तिकडे राहिला, छावण्यांतला क्रम इकडे चालूच. बटलरबाईंच्या सहकार्याने एलिझाबेथ अँड्र्यू आणि डॉक्टर कॅथरीन बुशनेल या दोन अमेरिकन बाया हिंदुस्थानात आल्या. १८९१-९२ च्या हिवाळ्यात त्यांनी उत्तरेकडच्या छावण्या पालथ्या घातल्या, त्या बायकांशी बोलल्या आणि सगळे टिपून नेले. १८९३ मध्ये चौकशी समितीपुढे ते सिद्ध झाले. आधी इन्कार करणाऱ्या रॉबर्ट्स यांना दोघींची माफी मागावी लागली.

बटलरबाई स्वतः इकडे कधी आल्या नाहीत. इथल्या बायकांविषयी त्या लिहितात त्यात आईच्या मायेबरोबर आईचा वरचष्माही आहे, आणि इंग्रजांचे राज्यच इथे नसावे असे त्यांनी म्हटलेले नाही. आमच्याकडच्या एखाद्या गाणारणीला त्यांनी काय म्हटले असते, याची मला थोडी धास्तीच वाटते. पण तिला जबरदस्तीने तपासणीच्या टेबलावर चढवायला मात्र त्यांनी संमती दिली नसती.

१८९० मध्ये जॉर्ज वारले. १८९७ मध्ये रोगी गोऱ्या शिपायांचे वाढलेले आकडे पुढे करून हिंदुस्थानातल्या छावण्यांत तपासणीचे नियम पुन्हा आणले गेले. चळवळीतल्या काही थोर घराण्यांतल्या बायकाही या वेळी सरकारच्या बाजूला गेल्या. सत्तरीला टेकलेल्या बटलरबाईंनी पुन्हा लेखणी उचलली. या खेपेस त्यांना यश आले नाही. ३० डिसेंबर १९०६ रोजी नॉर्थंबरलंडमध्येच, वूलर येथे त्या वारल्या. जवळच कर्कन्यूटनच्या चर्चच्या आवारात त्यांचे दफन झाले. ज्या शब्दाची व्याख्या कुणी केली नव्हती, तो इंग्लंडच्या कायद्यातून २००९ साली काढला गेला.