थिओडोर कुक : सह्याद्रीच्या झाडांचा हिशेबनीस

कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचा आंबा घाट आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असतो तो वळणांसाठी, धुक्यासाठी आणि पावसाळ्यात वाटेत मिळणाऱ्या गरम भज्यांसाठी. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत मात्र या घाटाचे नाव गेली सव्वाशेहून अधिक वर्षे एका झुडपामुळे टिकून आहे. घंटेसारखी खाली लोंबणारी पिवळट नारिंगी फुले, पाकळ्यांवर तांबूस रेघा. मराठीत त्याला सोनघंटा म्हणतात. शास्त्रीय नाव अब्युटिलॉन रानडेई. या नावातले रानडे म्हणजे एन. बी. रानडे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधल्या वनस्पतिसंग्रहाचे काम ते पाहत. त्यांनी आंबा घाटातून आणलेल्या फांदीवरून १८९४ साली ही नवी जात जगासमोर आली.

पुढे कित्येक दशके हे झुडूप कुणाला पुन्हा दिसले नाही. ते नामशेषच झाले असावे, असे अभ्यासक मानू लागले. तरीही शोध थांबला नाही, कारण रानड्यांनी वाळवून चिकटवलेली फांदी शिल्लक होती. काय शोधायचे आणि कुठल्या डोंगरात शोधायचे, हे ती फांदी सांगत होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोनघंटा सह्याद्रीच्या कड्यांवर पुन्हा सापडली.

रानडे ज्या कॉलेजात काम करत, त्याला त्या संग्रहाची गोडी लावणारे प्राचार्य होते डॉ. थिओडोर कुक. मी कोल्हापुरात उभी हयात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात घालवली. त्या काळात माझ्या टेबलावरून कधी हलला नाही असा एकच ग्रंथ, तो म्हणजे कुक यांचा ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’. पन्हाळ्यावरून, मसाई पठारावरून किंवा राधानगरीच्या जंगलातून विद्यार्थी काही घेऊन आले, की पहिला कौल कुकसाहेबांना लावायचा, हा आमचा शिरस्ता. या माणसाची ओळख आजच्या वाचकांना करून द्यावी, असे बरेच दिवस मनात होते.

पूल बांधणारा माणूस

कुक यांचा जन्म १८३६ साली आयर्लंडमधल्या ट्रॅमोर या समुद्रकाठच्या गावी झाला. ते नऊ वर्षांचे होते तेव्हा त्यांच्या देशात बटाट्यावर करपा पडला आणि आयर्लंडच्या इतिहासातला सर्वात भीषण दुष्काळ सुरू झाला. त्यात सुमारे दहा लाख माणसे दगावली, तितकीच देश सोडून गेली. या करप्याकडे आपण पुन्हा येणार आहोत. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिक्षण घेऊन कुक इंजिनियर झाले आणि १८६० साली ‘बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे’च्या नोकरीत हिंदुस्थानात आले. आज मुंबईकर जिला पश्चिम रेल्वे म्हणतात, तिची ही पूर्वज. वसईच्या खाडीवरच्या लोखंडी पुलाच्या कामाशी त्यांचे नाव जोडलेले आहे.

१८६५ साली ते पुण्याच्या सिव्हिल इंजिनियरिंग कॉलेजचे प्राचार्य झाले. हेच पुढे कॉलेज ऑफ सायन्स झाले, १९११ नंतर इंजिनियरिंग कॉलेज, आणि आता ते सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. कुक तिथे १८९३ पर्यंत, म्हणजे तब्बल अठ्ठावीस वर्षे होते. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३ साली याच कॉलेजातून इंजिनियर होऊन बाहेर पडले. म्हणजे धरणांच्या त्या महर्षींचे प्राचार्य एक वनस्पतिशास्त्रज्ञ होते!

इंजिनियरला झाडांचे वेड कसे लागले, असे कुणी विचारील. मला त्यात फारसे नवल वाटत नाही. त्या काळी या कॉलेजात शेतकी आणि वनस्पतिशास्त्र हेही विषय शिकवले जात. जी. एम. वुड्रो हे वनस्पतिशास्त्र शिकवत आणि गणेशखिंडीची बाग सांभाळत. शिवाय मोजमाप आणि नोंद हा इंजिनियरचा धर्मच. पुलाच्या प्रत्येक तुळईला जसा क्रमांक, तसा प्रत्येक फांदीला.

१८९० साली भारतीय वनस्पती सर्वेक्षण खात्याची स्थापना झाली आणि १८९१ मध्ये पश्चिम भारताचे काम कुक यांच्याकडे आले. निवृत्तीनंतर ते इंग्लंडला परतले आणि लंडनजवळच्या क्यू उद्यानात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिण्यासाठी बसले. पुस्तक लिहायला इतक्या दूर का जावे लागले? त्याचे उत्तर वाळलेल्या पानांत आहे. ग्रॅहम यांची यादी १८३९ ची, डॅलझेल आणि गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ चा. या जुन्या मंडळींनी दिलेले नाव नेमक्या कुठल्या झाडाचे, हे ठरवायचे तर त्या काळचे मूळ नमुने समोर हवेत, आणि ते मोठ्या प्रमाणात क्यूमध्ये होते. पहिला भाग १९०१ साली निघाला, शेवटचा १९०८ साली. तेव्हा कुक बहात्तर वर्षांचे होते. पुढे दोनच वर्षांनी, नोव्हेंबर १९१० मध्ये, क्यू येथेच त्यांचे निधन झाले.

एका चिन्हाचा अर्थ

हा ग्रंथ दिसायला रुक्ष आहे. चित्रे नाहीत, वर्णनांची भाषा कोरडी. पण एकदा त्याची किल्ली हाती आली, की तो एखाद्या जुन्या जमाखर्चाच्या वहीसारखा बोलू लागतो. प्रत्येक जातीचे वर्णन, फुलण्याचा महिना, ठिकठिकाणची देशी नावे आणि शेवटी ती कुठे, कुणाला मिळाली याची नोंद. कोकण, दख्खन, गुजरात असे भाग पाडलेले. आपल्या खालच्या अंगाचा, बेळगाव-धारवाडकडचा मुलूख ‘सदर्न मराठा कंट्री’ या नावाखाली. आणि गोळा करणाऱ्याच्या नावापुढे पुष्कळदा एक उद्गारचिन्ह.

नवे विद्यार्थी या चिन्हाने बुचकळ्यात पडतात. कुकसाहेबांना कसला एवढा अचंबा वाटला, असे त्यांना वाटते. वनस्पतिशास्त्रात या चिन्हाचा अर्थ ठरलेला आहे : हा नमुना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. चिन्ह नाही, तिथे दुसऱ्याच्या सांगण्यावर भिस्त. पाहिलेले आणि ऐकलेले यांतला फरक एका टिंबाने आणि एका रेघेने दाखवणारी ही शिस्त मला फार मोठी वाटते. रोजच्या व्यवहारात आपण ती पाळू लागलो, तर निम्म्या अफवा दारातच थांबतील.

त्या उद्गारचिन्हांच्या अलीकडची नावे वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते. स्टॉक्स, लॉ, वुड्रो या साहेबांच्या शेजारी कानिटकर येतात, गराडे येतात, भिवा येतो. सह्याद्रीच्या पावसात चिखल तुडवत, जळवांना रक्त देत, ओले नमुने टिपकागदात दाबत हिंडणारी ही आपली माणसे. त्यांची चरित्रे कुणी लिहिली नाहीत. भिवाचे तर आडनावही ग्रंथ सांगत नाही. रानड्यांचे नाव सोनघंटेला मिळाले. आर. के. भिडे यांचे नाव कुक यांनी स्वतः एका पानफुटीच्या जातभाईला दिले, कलांचोई भिडेई. कुक यांचा ग्रंथ मोठा आहे यात शंका नाही, पण तो या हातांवर उभा आहे.

वाळल्या पानांची किंमत

आता व्यवहारी वाचक विचारतील, की ग्रंथ छापून झाला, मग ती जुनी पाने जपायची कशाला? याचे उत्तर गेल्या काही दशकांत फारच ठळक झाले आहे.

पहिली गोष्ट नावाची. कुठलीही नवी जात जाहीर करताना एक नमुना कायमचा मूळ नमुना म्हणून ठरवावा लागतो. वजनकाट्यासाठी जसे प्रमाणित माप, तसा हा. पुढे शंभर वर्षांनी वाद झाला तरी निवाडा त्या कागदासमोर होतो. आमच्या भागातली कंदीलपुष्पे घ्या. सेरोपेजिया कुळातल्या या नाजूक वेलींच्या जाती दिसायला इतक्या जवळच्या, की जुन्या नमुन्यांशी ताडून पाहिल्याशिवाय कुठली कोण हे सांगणे धोक्याचे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाने या दुर्मीळ वेली शोधून आपल्या उद्यानात वाढवण्याचे जे काम केले आहे, त्याच्या मुळाशी ही ताडून पाहण्याची सवय आहे.

दुसरी गोष्ट दडलेल्या धनाची. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की नव्या म्हणून जाहीर झालेल्या जातींपैकी जवळजवळ पाव जातींचा नमुना पन्नासहून अधिक वर्षे कपाटात पडून होता. झाड गोळा झाले होते. त्याला ओळखणारा डोळा उशिरा आला.

तिसरी गोष्ट हवेची. झाड पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून श्वास घेते. १९८७ साली इंग्लंडमधल्या एका शास्त्रज्ञाने दोनशे वर्षांतल्या वाळलेल्या पानांवरची छिद्रे मोजली आणि हवेतला कर्बवायू वाढत गेला तशी ती सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाल्याचे दाखवले. पाने गोळा करणाऱ्यांच्या स्वप्नातही हा उपयोग नव्हता.

आणि चौथी गोष्ट त्या आयरिश करप्याची. एकोणिसाव्या शतकात कुणीतरी रोगट बटाट्याची पाने वाळवून ठेवली होती. क्यू आणि म्युनिक येथील संग्रहांतल्या अशा पानांतून शास्त्रज्ञांनी रोगजंतूचा डीएनए काढला आणि दुष्काळाला कारण झालेला नेमका वाण २०१३ साली ओळखला. आधी ज्या वाणावर संशय होता, तो हा नव्हताच. कुक लहान असताना त्यांच्या देशावर कोसळलेल्या संकटाचा गुन्हेगार दीडशेहून अधिक वर्षांनी हाती लागला, तो वाळल्या पानांच्या साक्षीने.

साक्षीदार जपायचे की नाही?

जगात असे सुमारे चाळीस कोटी नमुने आहेत, असा अंदाज आहे. पण कागद हा नाजूक साक्षीदार. मार्च १९४३ मध्ये बॉम्बहल्ल्यात बर्लिनचा संग्रह जळाला आणि असंख्य मूळ नमुने कायमचे गेले. शांततेच्या काळातही धोका टळत नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने २०२४ साली आपला आठ लाखांहून अधिक नमुन्यांचा संग्रह बंद करण्याचा निर्णय जाहीर केला तेव्हा जगभरचे अभ्यासक हळहळले.

आपल्याकडचा शत्रू अधिक घरगुती : दमट हवा, बुरशी आणि कसर. कुक यांच्या काळातला पुण्याचा संग्रह पुढे शेतकी कॉलेजात आणि तिथून भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्याच्या कार्यालयात गेला, म्हणून तो वाचला. गावोगावच्या कॉलेजांतली कपाटे इतकी भाग्यवान नसतात. एका कॉलेजात, जागा हवी म्हणून, जुन्या नमुन्यांचे गठ्ठे रद्दीच्या भावात निघालेले मी पाहिले आहेत. कागद चार रुपयांचा असेल. पण त्यावरच्या चिठ्ठीत लिहिलेला माळ आता प्लॉट पाडून संपलेला होता. तिथे पूर्वी काय उगवत होते, याचा तेवढाच पुरावा उरला होता.

२०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यात आपले राधानगरी अभयारण्य आहे, कास पठार आहे. उद्या एखाद्या सड्यावर खाण येऊ घातली आणि इथे अमुक एक दुर्मीळ वनस्पती आहे असे आपण म्हटले, तर समोरचा पुरावा मागेल. तेव्हा भावना उपयोगी पडत नाहीत. तारीख, ठिकाण आणि गोळा करणाऱ्याचे नाव असलेला एक वाळलेला नमुना उपयोगी पडतो.

कुक यांच्या ग्रंथाची भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने १९५८ साली तीन खंडांत फेरछपाई केली आणि आजही तो अभ्यासकांच्या हाती असतो. त्यातली कित्येक शास्त्रीय नावे आता बदलली आहेत. इलाखा गेला, संस्थाने गेली. पण त्या उद्गारचिन्हांना आव्हान देता येते किंवा दुजोरा देता येतो तो नमुने जागेवर आहेत तोवरच. आपल्या मुलांच्या कॉलेजात असे एखादे कपाट असेल, तर त्याची चौकशी पालकांनी जरूर करावी. वर्षातून दोनदा उघडणे, कीडनाशक बदलणे, चिठ्ठ्यांची छायाचित्रे काढून ठेवणे, एवढे काम पुरते. त्याला अनुदान लागत नाही. कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, हे ठाऊक असलेला एक माणूस लागतो.