दातांच्या जन्माचा माग काढणारा शल्यविशारद

सहाव्या-सातव्या वर्षी दुधाचा दात पडतो आणि काही दिवसांतच त्या जागी नवा दात डोकावू लागतो. हा नवा दात येतो कोठून, या प्रश्नाचा शास्त्रीय शोध घेणाऱ्या पहिल्या काही संशोधकांत स्कॉटलंडच्या जॉन हंटर यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

१७२८ मध्ये ईस्ट किलब्राइडजवळच्या एका शेतकरी कुटुंबात हंटर यांचा जन्म झाला. दहा भावंडांत ते धाकटे. शाळेत त्यांचे मन कधी रमले नाही. वयाच्या विसाव्या वर्षी ते लंडनला थोरले बंधू विल्यम यांच्या शरीररचनाशास्त्राच्या शाळेत आले आणि शवविच्छेदनात निष्णात झाले. सैन्यात शल्यविशारद म्हणून काम करून १७६३ मध्ये ते परतले, तेव्हा हाती पुरेसे काम नव्हते. त्यामुळे जेम्स स्पेन्स या दंतवैद्याबरोबर त्यांनी काही वर्षे काम केले.

दात उपटणे हे त्या काळी न्हाव्यांचेही काम मानले जाई. हंटर यांनी मात्र अर्भकांपासून प्रौढांपर्यंतच्या जबड्यांचा तौलनिक अभ्यास केला. जन्मापूर्वीच जबड्यात दातांचे अंकुर तयार होत असतात, दुधाच्या दातांची मुळे हळूहळू झिजून नाहीशी होतात आणि दाढांना जागा व्हावी म्हणून जबडा मागील बाजूस वाढतो, हे त्यांनी दाखवून दिले. डुकरांना मंजिष्ठेच्या वर्गातील वनस्पतीची तांबडी मुळे चारून त्यांनी प्रयोग केले. त्या काळात घडत असलेला दाताचा भागच तेवढा लाल होई; आधी घडलेला भाग पांढराच राही. हाड आणि दात यांच्या वाढीतील फरक त्यातून स्पष्ट झाला. १७७१ मध्ये मानवी दातांवरील त्यांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला.

या कीर्तीला एक काळी किनारही आहे. हंटर यांनी कोंबड्याच्या तुऱ्यात माणसाचा दात रोवला आणि तो तेथे रुजल्याचे त्यांना दिसले. त्यावरून एकाचा दात दुसऱ्याच्या जबड्यात बसवता येईल, अशी त्यांची खात्री झाली. १७७८ च्या ग्रंथात त्यांनी या शस्त्रक्रियेचा पुरस्कार केला. परिणामी, धनिकांच्या तोंडाची शोभा वाढवण्यासाठी गरिबांची मुले चार पैशांकरिता आपले निरोगी दात उपटून देऊ लागली. असे दात फार काळ टिकत नसत. शिवाय त्यांतून रोगांचा संसर्ग झाल्याच्या तक्रारीही आल्या. १७८७ मध्ये व्यंगचित्रकार थॉमस रोलंडसन यांनी या प्रथेवर बोचरे चित्र काढले. कायमचा दात एकदा गेला की त्याच्या जागी दुसरा येत नाही, हे हंटर यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? तरीही त्या मुलांच्या नुकसानीचा हिशेब त्यांच्या ग्रंथात मांडला गेला नाही.

देवीच्या लसीचे जनक एडवर्ड जेन्नर हे हंटर यांचेच शिष्य. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी सेंट जॉर्ज रुग्णालयातील बैठकीत वाद झाला आणि हृदयविकाराने हंटर यांचे निधन झाले. त्यांचा सुमारे चौदा हजार नमुन्यांचा संग्रह सरकारने १७९९ मध्ये विकत घेतला. १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात त्यातील बहुतांश नष्ट झाला. कोंबड्याच्या तुऱ्यातील तो दात मात्र लंडनच्या हंटेरियन संग्रहालयात जतन झाला आहे. एका थोर संशोधकाची जिज्ञासा आणि त्याच्या काळाची निष्ठुरता, या दोहोंची ती साक्ष आहे.