टिळकांचे विद्यार्थिजीवन

१८७२ हे साल बळवंतराव टिळकांच्या आयुष्यात मोठ्या उलथापालथीचे ठरले. त्या वर्षी ऑगस्ट महिन्यात त्यांचे वडील गंगाधरपंत वारले. आई तर १८६६ मध्येच निवर्तली होती. त्याच वर्षी सोळा वर्षांचे बळवंतराव मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि १८७३ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. पालकत्वाची जबाबदारी चुलते गोविंदराव यांच्याकडे आली होती. आदल्याच वर्षी लग्न झालेले होते. अशा परिस्थितीतील मुलाने लवकर पदवी मिळवावी व नोकरीला लागावे, हीच कोणाचीही अपेक्षा असणार.

बळवंतरावांची बुद्धी तल्लख होती. प्रकृती मात्र अगदी तोळामासा. अंगाने किरकोळ, पचनशक्ती मंद. अशा देहाने पुढे काय साधणार, हा प्रश्न त्यांना पडला आणि त्यांनी एक विलक्षण निश्चय केला. कॉलेजचे पहिले वर्ष शरीर कमावण्यासाठी द्यायचे, अभ्यासाचे पुढे पाहता येईल, असे त्यांनी ठरवले.

डेक्कन कॉलेज शहराबाहेर येरवड्याला, नदीच्या जवळ होते. विद्यार्थी तेथेच वसतिगृहात राहत. टिळकांनी तालमीची वाट धरली. जोर, बैठका, कुस्ती, पोहणे आणि नौका वल्हवणे यांत त्यांचे दिवस जाऊ लागले. आहाराकडेही त्यांनी कटाक्षाने लक्ष दिले. वर्षअखेरीस शरीर भरले, अन्न पचू लागले. पण परीक्षेत ते नापास झाले. ही किंमत लहान नव्हती. वडिलांनी काही पुंजी मागे ठेवली होती, म्हणूनच ती परवडली, हेही विसरता येत नाही.

व्यायामाचा त्यांचा आग्रह कधी कधी हट्टाला पोचे. मित्रांच्या खोलीत औषधांच्या बाटल्या दिसल्या की ते त्या बाहेर फेकून देत, अशा आठवणी सोबत्यांनी सांगितल्या आहेत. खऱ्या आजाऱ्याला हा उपाय लागू पडला नसता, हे उघड आहे.

पुढील वर्षापासून त्यांनी अभ्यासाला हात घातला, तोही आपल्या पद्धतीने. वर्गात सांगितलेली टिपणे घोकून पाठ करणे त्यांना मान्य नव्हते. इतिहासातील एखादा विषय निघाला की त्यावरील अनेक ग्रंथ मिळवून ते वाचीत आणि आपली टिपणे आपण तयार करीत. गणित हा त्यांचा विशेष आवडीचा विषय. प्राध्यापक केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारखे गुरू लाभल्याने ती आवड अधिकच वाढली. परीक्षेत सोपे प्रश्न सोडून अवघड प्रश्नांनाच ते आधी भिडत. त्यामुळे गुणांच्या शर्यतीत ते नेहमीच पुढे राहिले नाहीत. तरीही बी. ए. ला त्यांना पहिला वर्ग मिळाला आणि १८७९ मध्ये ते एलएल. बी. झाले. एम. ए. ची पदवी मात्र त्यांच्या हाती लागली नाही.

कायद्याचा अभ्यास करीत असताना डेक्कन कॉलेजातच त्यांची गोपाळ गणेश आगरकरांशी मैत्री जडली. आगरकर अत्यंत गरिबीत शिकले. शरीर कमावण्यासाठी एक वर्ष बाजूला काढण्याची चैन त्यांना शक्यच नव्हती. पुढे दम्याने त्यांना फार छळले आणि १८९५ मध्ये, वयाची चाळिशीही गाठण्याआधी, ते गेले. दोघांनी १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांसमवेत न्यू इंग्लिश स्कूल उभारण्यात भाग घेतला होता.

टिळकांच्या शरीराची खरी कसोटी तुरुंगात लागली. १८९७ मध्ये त्यांना पहिली राजद्रोहाची शिक्षा झाली, तेव्हा तुरुंगातील अन्नाने त्यांचे वजन बरेच घटले. १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा देऊन त्यांना ब्रह्मदेशातील मंडालेला नेण्यात आले. त्या वेळी वय बावन्न वर्षांचे होते आणि मधुमेह जडलेला होता. तेथील उन्हाळा असह्य. अन्नावर पथ्याची बंधने. १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या, ती वार्ता त्यांना कोठडीतच कळली. अशाही स्थितीत ते पूर्वीसारखेच मूळ ग्रंथांवरून अभ्यास करीत राहिले. जर्मन, फ्रेंच व पाली या भाषा त्यांनी तेथे हाताळल्या. १९१०-११ च्या हिवाळ्यात, अवघ्या काही महिन्यांत, त्यांनी पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ या ग्रंथाचा मसुदा लिहून पुरा केला. जून १९१४ मध्ये ते सुटून पुण्यास परतले आणि पुढच्याच वर्षी तो ग्रंथ प्रसिद्ध झाला.