सेल्फमागचा माणूस

सकाळचे साडेसात. बाहेर धो धो पाऊस, प्रॅक्टिकलला उशीर झालेला. बाबांची जुनी गाडी कशीबशी मागून घेतलीत आणि चावी फिरवली, तर आतून नुसतं टिक टिक. शेजारच्या काकांचं निदान तयारच असतं, की सेल्फ गेला. गॅरेजवाल्याचं त्याहून सोपं असतं, की नवी बॅटरी टाका. तुम्ही टाकता. महिन्याभराने पुन्हा तेच टिक टिक. असं का होतं, हे समजून घ्यायचं तर एका माणसाला भेटायला हवं. चार्ल्स केटरिंग त्याचं नाव.

1876 साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, लाउडनव्हिल गावाजवळच्या शेतावर तो जन्मला. हुशार होता, पण डोळे साथ देईनात. थोडं वाचलं की डोकं ठणकायचं. काही काळ शाळेत शिकवलं, मग ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला, आणि डोळ्यांमुळेच ते सोडावं लागलं. आज आपण ज्याला 'गॅप' म्हणून घाबरतो, ती त्याने टेलिफोनच्या लाइनी टाकणाऱ्या टोळीत काढली. खड्डे खणायचे, खांब उभे करायचे, तारा ओढायच्या. तिथेच वीज हाताला कळली. तो कॉलेजात परतला, सोबत्यांकडून धडे वाचून घेतले आणि 1904 मध्ये पदवी मिळवली. तेव्हा तो 27 वर्षांचा होता.

पहिली नोकरी डेटन शहरात, दुकानातल्या गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत. तोवर यंत्राचा दांडा हाताने ओढावा लागायचा. केटरिंगने त्याला छोटी विजेची मोटर बसवली. मोटर दिवसभर चालवायची नव्हती, फक्त क्षणभर झटका द्यायचा होता. त्यामुळे ती इवलीशी असूनही पुरली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

1909 मध्ये एडवर्ड डीड्स या सहकाऱ्यासोबत त्याने डेल्को ही कंपनी काढली. काम कुठे चालायचं, तर डीड्सच्या घरामागच्या कोठारात. कॅडिलॅक कंपनीने त्यांच्या इग्निशनच्या 8000 संचांची ऑर्डर दिली.

त्या काळी गाडी सुरू करायला पुढून हँडल मारावं लागे. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडायचं, कधी जबडा. आपल्याकडच्या जुन्या अँबॅसेडरलाही हँडल असायचं, आजोबांना विचारा. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड यांचा बायरन कार्टर नावाचा मित्र दुसऱ्याच्या बंद पडलेल्या गाडीला हँडल मारताना जखमी झाला आणि पुढे दगावला, अशी गोष्ट सांगतात. लेलँड यांनी केटरिंगकडे हँडलला पर्याय मागितला.

तज्ज्ञांचा हिशेब असा होता, की इंजिन फिरवायला जवळपास इंजिनाएवढीच मोटर लागेल. केटरिंगला गल्ल्याची मोटर आठवली. इथेही काही सेकंदांचाच तर झटका हवा! 1911 च्या फेब्रुवारीत त्याचं यंत्र गाडीत बसलं, आणि 1912 च्या कॅडिलॅकमध्ये ते ग्राहकांपर्यंत पोचलं.

खरी गंमत पुढे आहे. तेच यंत्र आधी मोटर होऊन इंजिन फिरवायचं आणि इंजिन सुरू झालं की जनरेटर होऊन बॅटरी पुन्हा भरायचं. केटरिंगने नुसता स्टार्टर दिला नाही, एक चक्र दिलं. बॅटरी इंजिनाला जागं करते आणि इंजिन बॅटरीला खाऊ घालतं. आज मोटर आणि ऑल्टरनेटर वेगवेगळे असतात, पण चक्र तेच.

आता तुमच्या गाडीकडे या. चक्र नेमकं कुठे तुटलंय, तेवढंच शोधायचं. एक साधा मल्टिमीटर घ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चांगली भरलेली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. 12 च्या आसपास असेल तर ती रिकामी झालीय. जंपर लावून गाडी सुरू करा, जंपर काढा आणि पुन्हा मोजा. 13.8 ते 14.4 च्या दरम्यान दिसलं तर चार्जिंग होतंय. आकडा 12 वरच रेंगाळला तर दोष चार्जिंगचा: पट्टा सैल झालाय, तार सुटलीय किंवा ऑल्टरनेटरचे ब्रश झिजलेत. अशा गाडीत नवी बॅटरीही महिन्याभरात बसणारच. 15 च्या वर गेलं तर रेग्युलेटर बिघडलाय, बॅटरी उकळून मरेल. चार्जिंग ठीक, तरी सकाळी बॅटरी मेलेली? मग ती म्हातारी झालीय, किंवा रात्रभर काहीतरी करंट खातंय. आणि व्होल्टेज सगळं छान, तरी टिक टिक? आधी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी आणि अर्थची तार बघा. टर्मिनल काढताना आधी निगेटिव्ह. आणि इंजिन चालू असताना बॅटरी काढून बघायची जुनी युक्ती करू नका, त्यात ऑल्टरनेटर जळू शकतो.

केटरिंगची गोष्ट मात्र इथे गोड होऊन संपत नाही. पुढे तो जनरल मोटर्सच्या संशोधनाचा प्रमुख झाला, 1947 पर्यंत राहिला. नावावर 180 हून अधिक पेटंट. 1921 मध्ये त्याच्या हाताखालच्या थॉमस मिजलीला सापडलं, की पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग घातलं की इंजिन ठोकत नाही. शिसं विषारी असतं, हे तेव्हाही माहीत होतं. 1924 मध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात पाच कामगार त्या विषबाधेने गेले. तरी हे पेट्रोल विकलं गेलं, आणि ते संयुग विकणाऱ्या कंपनीचा पहिला अध्यक्ष होता केटरिंगच. भारतात ते पेट्रोल 2000 साली बंद झालं. तोवर आपल्या आईबाबांची पिढी तोच धूर घेत मोठी झाली.

1958 मध्ये केटरिंग गेला. ज्याने हँडलवर मोडणारी मनगटं वाचवली, त्यानेच शहरांच्या हवेत शिसं सोडायला हातभार लावला. इंजिनाच्या ठोकण्यावर त्याने उपाय शोधला, पण धूर कुठे जातो हे बघितलं नाही. जो भाग बदलला, तिथेच चक्र संपतं असं त्याने धरलं. नुसती बॅटरी बदलून देणारा गॅरेजवालाही तेच करतो.

उद्या सकाळी टिक टिक ऐकू आलं, तर पाकीट काढण्याआधी मीटर काढा.