बंगळूरच्या दारात अडवलेली मराठी मुलगी : डॉ. कमला सोहोनी

कमलनगर : पीयूसी सायन्सचा निकाल लागला की सीमाभागातल्या घराघरांत एकच हिशोब सुरू होतो. नीटला गुण पुरले तर एमबीबीएस, नाही पुरले तर बीएस्सी. त्यातही कुणी बायोकेमिस्ट्री घ्यायची म्हटलं की घरातली मोठी माणसं विचारतात, हे शिकून करायचं काय? या प्रश्नाचं उत्तर एका मराठी बाईने आपल्या आयुष्यातून दिलं आहे. त्यासाठी तिला आपल्याच राज्याच्या राजधानीत, बंगळूरला, आधी भांडावं लागलं होतं.

डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या कमला भागवत. जन्म 1911 चा, इंदूरचा. प्रसिद्ध लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले. त्यामुळे आपणही तिथेच शिकायचं, हे कमलाताईंनी ठरवून टाकलं होतं.

पहिला नंबर, तरी नकार

त्या काळी मुंबई विद्यापीठात बायोकेमिस्ट्रीची वेगळी पदवी नव्हती. कमलाताईंनी केमिस्ट्री मुख्य आणि फिजिक्स दुय्यम विषय घेऊन 1933 मध्ये बीएस्सी केलं. गुणांच्या यादीत त्या पहिल्या होत्या. बंगळूरला अर्ज केला, तो फेटाळला गेला. कारण एवढंच, की अर्ज मुलीचा होता. संचालकाच्या खुर्चीत बसले होते 1930 चे नोबेल विजेते सर सी. व्ही. रामन.

वडील आणि काकांनी रदबदली करून पाहिली, उपयोग झाला नाही. मग ही पोरगी स्वतः बंगळूरला गेली आणि रामन यांच्यासमोर उभी राहिली. गुण आहेत, मग प्रवेश का नाही, याचं कारण तिने मागितलं. शेवटी रामन यांनी अटी घालून आत घेतलं. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरायचं नाही. काम पसंत पडलं तरच ते मान्य करायचं. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत थांबायचं. आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये. यातली शेवटची अट त्यांना फार लागली. उतारवयातही त्या हा अपमान विसरल्या नव्हत्या.

मार्गदर्शक म्हणून लाभले श्रीनिवासय्या. शिस्तीला कडक, पण शिकवायला मन मोठं. त्यांच्या हाताखाली कमलाताईंनी दूध, डाळी आणि कडधान्यांमधल्या प्रथिनांवर काम केलं. वर्षभरात रामन यांचं समाधान झालं आणि प्रवेश पक्का झाला. त्यानंतर रामन यांनी मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली. 1936 मध्ये कमलाताई एमएस्सी झाल्या.

बटाट्यातला शोध

पुढचा टप्पा इंग्लंडमधलं केंब्रिज. तिथे जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी नोबेल मिळालेले फ्रेडरिक हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा होती. सुरुवातीला त्यांनी डेरेक रिक्टर यांच्याकडे काम केलं, नंतर रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींच्या पेशींवर.

बटाट्यावर काम करताना त्यांना सायटोक्रोम-सी सापडलं. हे लोह असलेलं प्रथिन. पेशी प्राणवायू वापरून अन्नातली ऊर्जा मोकळी करते, त्या साखळीतला हा एक दुवा. प्राण्यांच्या पेशीत तो आधीच माहीत होता. वनस्पतीची पेशीही त्याच वाटेने श्वास घेते, हे या कामातून पुढे आलं. त्यांचा प्रबंध जेमतेम 40 पानांचा होता, आणि संशोधन ते लेखन सगळं मिळून 14 महिने लागले. 1939 मध्ये पीएच.डी. मिळाली. ब्रिटनच्या विद्यापीठातून विज्ञानात डॉक्टरेट घेणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

ताटातलं विज्ञान

परदेशात थांबता आलं असतं, पण त्या 1939 मध्येच परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात बायोकेमिस्ट्री विभाग सांभाळला, मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत जीवनसत्त्वांवर काम केलं. 1947 मध्ये एम. व्ही. सोहोनी यांच्याशी लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या. तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी विद्यार्थ्यांची एक फळीच उभी केली.

त्यांनी निवडलेले विषय बघण्यासारखे आहेत. कडधान्यांत ट्रिप्सिनला अडवणारे घटक असतात. ट्रिप्सिन म्हणजे प्रथिनं पचवणारा आपल्या आतड्यातला पाचकरस. कच्चं कडधान्य पोटाला जड का जातं आणि नीट शिजवल्यावर का पचतं, याचं एक कारण इथे आहे. बिदर-कलबुर्गी हा तुरीचा मुलूख, इथल्या माणसाला डाळीचं मोल सांगायला नको. त्या डाळीच्या आत काय चालतं, हे त्यांच्या प्रयोगशाळेत तपासलं जात होतं.

ताडाच्या नीरेवरचं काम राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून सुरू झालं. नीरा आणि ताडगुळातून कुपोषित आदिवासी मुलं आणि गरोदर बायांची तब्येत सुधारते, असं दिसून आलं. या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी सल्ला दिला.

एवढं करूनही संस्थेचं संचालकपद मिळायला उशीर झाला. ते 1965 मध्ये मिळालं आणि 1969 पर्यंत त्यांनी सांभाळलं. पुढे ग्राहकांच्या संघटनेत काम करत त्यांनी अन्नातल्या भेसळीबद्दल सोप्या भाषेत लिहिलं. 1998 मध्ये दिल्लीत भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने त्यांचा सत्कार ठेवला होता. त्या कार्यक्रमातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच काळात गेल्या.

आजच्या मुलींसाठी

आज बीएस्सीला केमिस्ट्रीच्या जोडीला बायोकेमिस्ट्री घेता येते. दवाखान्याची लॅब, औषध कंपनी, अन्नतपासणी, बियाणं, दूध डेअरी, सगळीकडे या विषयाचं काम आहे. केमिस्ट्रीचा पाया मात्र पक्का लागतो. कमलाताईंची सुरुवातही तिथूनच झाली होती.

ज्या बंगळूरच्या संस्थेने त्यांना दारात अडवलं, तिथे 2011 पासून बारावीनंतर थेट चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू आहे. त्यात जीवशास्त्रही शिकता येतं. प्रवेश परीक्षा अवघड आहे, तयारी अकरावीपासूनच करावी लागते. पण अर्ज मुलीचा आहे म्हणून तो आता कुणी बाजूला ठेवत नाही.